मुख्याध्यापक बदलताना पालकांना काय सांगायचं, कधी आणि कुणी: संस्थाचालकांसाठी

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई पहिलं सत्र संपता संपता गेल्या. वडील अंथरुणाला खिळलेले, गावी त्यांचं करणारं दुसरं कुणी नाही. बाईंनी तीन महिने आधी रीतसर कळवलं होतं. लपवावं असं काहीही नव्हतं. आम्ही कार्यकारिणीत बसून इंग्रजीत चार ओळींचं पत्र तयार केलं आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांच्या डायरीत चिकटवून घरी पाठवलं. त्यात एक वाक्य होतं: ‘शी हॅज बीन रिलीव्ह्ड ऑफ हर ड्यूटीज.’ कचेरीच्या भाषेत याचा अर्थ कार्यमुक्त, इतकाच. पण सहावीतल्या एका मुलीने ते पत्र शिलाईकाम करणाऱ्या आपल्या आईला वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला, “आई, मॅडमना काढून टाकलंय.”

मशीन थांबवून त्या ताईंनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, खरं का हे? शाळेचं कार्यालय बंद. उत्तर द्यायला कुणी नाही. लक्ष्मीपूजनापर्यंत त्या प्रश्नाची बातमी झाली आणि भाऊबीजेपर्यंत बातमीत पैशांची भानगड शिरली. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी पाच पालक दाखला मागायला आले. नऊ वर्षं शाळेसाठी झिजलेल्या बाईंना ही कुजबुज गावी, वडिलांच्या उशाशी बसून ऐकावी लागली. मी तेव्हा संस्थेची कार्यवाह होते. पत्राखाली सही माझी होती.

त्यानंतर शाळांच्या दोन मुख्याध्यापक-बदलांत आणि संस्थेच्या एका अध्यक्ष-बदलात मी हे काम पुन्हा केलं, जमेल तेवढं नीट. जे कामाला आलं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांची आहेत, कारण कायदे आणि रीत मला इथलीच ठाऊक आहे.

पालक नेमकं काय विचारतात

पत्र लिहायला बसण्याआधी हे समजून घ्या, कारण बहुतेक संस्थाचालक इथेच चुकतात. आपल्याला वाटतं पालकांना कारण हवं असतं. म्हणून आपण कारण लपवण्यात किंवा सजवण्यात सगळी शक्ती घालवतो. मी दोन बदलांच्या वेळी कार्यालयात आलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगितला होता. ‘का गेल्या?’ हा प्रश्न होताच, पण त्याहून कितीतरी जास्त प्रश्न असे होते:

“आमच्या वर्गाच्या बाई राहणार ना?”
“दहावीच्या फॉर्मवर सही कोण करणार?”
“मुलाच्या फिट्सबद्दल मोठ्या मॅडमना माहीत होतं, आता कुणाला सांगू?”
“फी वाढणार म्हणून गेल्या का?”
“आमचं पोरगं आरटीईतून आहे, नवीन सर ठेवतील ना?”

शेवटचा प्रश्न विचारणारे गृहस्थ दाराबाहेर चप्पल काढून, हात जोडून उभे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) त्यांच्या मुलाला आठवीपर्यंत ती जागा दिलेली आहे, तिथे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या मर्जीचा संबंध येत नाही. पण हे त्यांना शाळेने कधी सांगितलंच नव्हतं. अशा घरासाठी मुख्याध्यापक बदलणं म्हणजे पायाखालची जमीन हलणं असतं, आणि आपण त्यांना ‘संस्थेची गौरवशाली परंपरा’ असं पत्र पाठवतो.

तेव्हा पहिली पायरी ही: कार्यकारिणीतल्या दोघांनी आणि शाळेतल्या दोन अनुभवी शिक्षिकांनी बसून पालक विचारतील असे वीस प्रश्न कागदावर काढायचे. ज्यांची उत्तरं आज देता येतात ती लिहायची. ज्यांची देता येत नाहीत त्यांच्यापुढे तारीख लिहायची, की याचं उत्तर कधी मिळेल. सगळा पुढचा व्यवहार या कागदावरून होतो. शाळेचे लिपिक आणि शिपाई मामा यांनाही एकदा विचारा. गेटवर काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर आपल्या आधी येतं.

कागद हातात आल्याशिवाय घोषणा नको

मुख्याध्यापक बैठकीत चिडून ‘मी सोडते’ म्हणाल्या, किंवा व्हॉट्सॲपवर तसा निरोप आला, म्हणजे राजीनामा झाला असं नाही. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना लागू असलेल्या १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा कर्मचाऱ्याने दोन प्रतींत, सही आणि तारीख घालून लिहायचा असतो आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची असते. त्याच अधिनियमाखालच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. हा तीन महिन्यांचा काळ पालकांशी बोलण्यासाठी फार मोलाचा आहे. बहुतेक संस्था त्यातले अडीच महिने ‘बघू, कदाचित त्या विचार बदलतील’ असं म्हणत गप्प बसतात.

माझं मत असं की राजीनामा स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालकांना कळलं पाहिजे. त्याहून जास्त दिवस ही गोष्ट शाळेच्या भिंतींच्या आत राहत नाही. व्हॅनवाल्या काकांना तर ती साधारण तिसऱ्या दिवशी कळते.

निवृत्ती असेल तर प्रश्नच नाही. ५८ व्या वर्षी कोण कधी निवृत्त होणार हे सेवापुस्तकात आधीच लिहिलेलं असतं. त्या वर्षी जूनच्या पहिल्याच पालक सभेत सांगून टाका.

कुणी बोलायचं

एकानेच. अध्यक्ष किंवा कार्यवाह, जो पालकांना चेहऱ्याने ठाऊक आहे तो. बाकीच्या सर्व विश्वस्तांनी एक वाक्य पाठ करायचं: “याबद्दल कार्यवाह बोलतायत, त्यांचा नंबर देतो.” लग्नात, देवळात, सोसायटीच्या बैठकीत कुणीही विचारलं तरी तेच. हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण गावातल्या संस्थेत विश्वस्त हे कुणाचे तरी मामा, कुणाचे शेजारी, कुणाचे डॉक्टर असतात. आमच्याकडे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी बारशाला गेल्यावर मोठ्या विश्वासाने एका नातेवाइकाला ‘आतलं’ सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता, बाईंची बाजू घ्यायची होती. पण दोन तऱ्हेची माहिती बाहेर गेली की पालकांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. ठरावाच्या वहीत तसा ठराव करून घ्या: या विषयावर संस्थेतर्फे कोण बोलणार, त्याचं नाव, आणि तो नसेल तर दुसरं नाव.

सांगण्याचा दिवस

दिवस निवडताना एकच कसोटी लावा: दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कार्यालय उघडं असेल का? शनिवार, सुट्टीचा आदला दिवस, परीक्षेचा आठवडा आणि दहावीच्या निकालाचा दिवस टाळा. मंगळवार-बुधवार बरे.

आधी जाणाऱ्या मुख्याध्यापकांना पत्राचा मसुदा दाखवा. त्यांच्याबद्दलचं वाक्य त्यांना मान्य हवं. त्यांना एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला. हा सौजन्याचा भाग आहेच, शिवाय पुढे पालकांनी त्यांना फोन केला की त्या तेच सांगतील जे पत्रात आहे.

मग एकाच दिवशी, या क्रमाने:

शाळा सुटल्यावर शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांची बैठक. शिपाई, मदतनीस मावशी, ग्रंथपाल, सगळे. बातमी बाईंनी स्वतः सांगावी, शेजारी कार्यवाह बसलेले असावेत. शिक्षकांना पहिली भीती स्वतःच्या नोकरीची आणि वेळापत्रकाची असते. त्याचं उत्तर तिथेच द्या. त्यांना पालकांनी विचारलं तर काय म्हणायचं ते दोन वाक्यांत लिहून द्या. वर्गशिक्षिकेला ‘मला काही माहीत नाही’ असं म्हणावं लागणं ही तिची मानहानी आहे, आणि पालकाच्या मनात त्यातूनच शंका येते.

तासाभराने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे या समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात आणि उपाध्यक्ष पालकांपैकी असतात. म्हणजे मुख्याध्यापक जातात तेव्हा पालकांच्या समितीचंही अध्यक्षपद हलतं. त्याच कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचं प्रस्तावित शुल्क व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचं असतं. जूनमध्ये वर्ष सुरू होणाऱ्या शाळेत ती वेळ डिसेंबरच्या मध्यापर्यंत येते, एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या शाळेत सप्टेंबरअखेर. नेमक्या त्याच सुमारास मुख्याध्यापक जात असतील तर ‘फीवरून भांडण झालं’ ही अफवा उठणारच. तेव्हा समितीला तिथेच सांगा की शुल्काचा प्रस्ताव कधी येणार आणि त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी कोण असणार. उपाध्यक्ष पालकांना पत्राची प्रत हातात द्या. या समितीचे सदस्य सोडतीने निवडलेले असतात. त्यात बोलके असतात तसे संकोची पालकही असतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारा.

संध्याकाळी साडेपाच-सहाला सर्व पालकांना निरोप, एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी छापील पत्र डायरीतून.

मुलांनाही दुसऱ्या दिवशीच सकाळी, परिपाठानंतर आपापल्या वर्गात वर्गशिक्षकांनी सांगावं. लहान मुलं एवढंच विचारतात की बाई पुन्हा कधी भेटायला येतील का. त्याचंही उत्तर तयार ठेवा.

पत्र

पत्राची भाषा घरात बोलतात ती हवी. इंग्रजी माध्यमाची शाळा असली तरी मराठी मजकूर वर आणि इंग्रजी खाली. वस्तीत हिंदी किंवा उर्दू घरं असतील तर त्या भाषेतही. भाषांतर झाल्यावर ते एखाद्या मदतनीस मावशींना वाचायला द्या आणि त्यांना काय समजलं ते विचारा. आमच्याकडे ही सवय त्या दिवाळीनंतर लागली आणि मावशींनी दोन वेळा आम्हाला वाचवलं. एकदा ‘प्रभारी’ या शब्दापाशी त्या थांबल्या होत्या. “म्हणजे तात्पुरत्या ना? मग तसं लिवा की.” आम्ही तसं लिहिलं.

आमच्या दुसऱ्या वेळच्या पत्राचा नमुना देते, तारखा आणि तपशील बदलून:

*सप्रेम नमस्कार पालकहो,*

*आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ३० नोव्हेंबरला शाळा सोडत आहेत. घरगुती कारणामुळे त्यांनी स्वतः हा निर्णय घेतला आणि ऑगस्टअखेर आम्हाला कळवला. त्या आनंदाने जात आहेत आणि आम्ही जड मनाने त्यांना निरोप देत आहोत.*

*१ डिसेंबरपासून नवीन मुख्याध्यापक येईपर्यंत आपल्या पर्यवेक्षिका बाई तात्पुरता कार्यभार सांभाळतील. त्या रोज दुपारी १ ते २ या वेळात पालकांना भेटतील, आधी वेळ घेण्याची गरज नाही. दाखले, बोनाफाईड आणि बोर्डाचे अर्ज यांवर त्यांची सही असेल.*

*वर्गशिक्षक, शाळेची वेळ, परीक्षांच्या तारखा आणि यंदाचं शुल्क यांत कोणताही बदल नाही. आरटीईतून प्रवेश मिळालेल्या मुलांच्या प्रवेशावर याचा काहीही परिणाम होत नाही.*

*नवीन मुख्याध्यापकांची नेमणूक अजून झालेली नाही. याबद्दलचं पुढचं पत्र १५ ऑक्टोबरला येईल. तोवर काही ठरलं नसेल तरी त्या दिवशी पत्र येईलच.*

*आपल्या मुलाच्या तब्येतीची, अभ्यासाची किंवा घरची काही गोष्ट तुम्ही बाईंना विश्वासाने सांगितली असेल आणि ती नव्या व्यक्तीला कळावी किंवा कळू नये असं वाटत असेल, तर ३० नोव्हेंबरपूर्वी बाईंना भेटून तसं सांगा.*

खाली कार्यवाहांचं नाव, फोन नंबर आणि फोन उचलण्याची वेळ.

सगळ्यात जास्त फोन शेवटच्या परिच्छेदावर आले. एका आजींनी तर सांगितलं की नातवाचे आई-वडील वेगळे झालेत हे फक्त मोठ्या बाईंना माहीत होतं, आणि आता हे पुन्हा नव्याने सांगण्याची त्यांची ताकद नाही. बाईंनी त्यांच्या संमतीने एका पानाची टिपण पर्यवेक्षिका बाईंकडे बंद पाकिटात दिली. पत्रात हा परिच्छेद घालायला विसरू नका, एवढं मी मनापासून सांगते.

सहीबद्दलचं वाक्य लिहिण्याआधी मात्र ते खरं असल्याची खात्री करा. तात्पुरत्या मुख्याध्यापकांच्या सहीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, वेळेत पत्रव्यवहार करा आणि उत्तर हातात आल्यावरच पालकांना तसं लिहा. दहावीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत सहीचा घोळ झाला तर कोणतंही गोड पत्र कामाला येत नाही.

‘खरं कारण काय?’

हा प्रश्न टाळू नका आणि त्याच्या मोहातही पडू नका. जे कारण पत्रात आहे तेच, त्याच शब्दांत, दहाव्या पालकालाही सांगा. उत्तर असं असू द्या: “ताई, कारण घरगुती आहे आणि ते त्यांचं स्वतःचं आहे. त्याहून जास्त मी तुमच्याबद्दलही दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.” बहुतेक पालक इथे मान हलवतात, कारण आपली गोष्टही इथे सुरक्षित राहील हे त्यांना त्यातून कळतं.

मतभेदामुळे राजीनामा आला असेल तर ‘घरगुती कारण’ असं खोटं लिहू नका. ‘परस्परसंमतीने’ हा शब्दही तशी संमती खरोखर झाली असेल तरच वापरा. “त्यांनी राजीनामा दिला, संस्थेने तो स्वीकारला” एवढं सरळ वाक्य पुरतं. त्या उद्या दुसऱ्या शाळेत रुजू झाल्या की तुमचं घरगुती कारण उघडं पडतं, आणि मग तुमचं पुढचं प्रत्येक पत्र पालक संशयाने वाचतात.

चौकशी किंवा निलंबनाचा प्रसंग सगळ्यात कठीण. इथे पत्र वकिलांना दाखवूनच पाठवा. आरोप सिद्ध झालेला नसताना त्याबद्दल लिहिलेला एक शब्दही बदनामीच्या दाव्यात आणि शाळा न्यायाधिकरणापुढे तुमच्या विरुद्ध वाचला जाऊ शकतो. पण वकिलांनी ‘काहीच लिहू नका’ असं सांगितलं तर ते मानू नका. चार गोष्टी नेहमी लिहिता येतात: नियमांप्रमाणे चौकशी सुरू आहे, ती संपेपर्यंत त्या कामावर नाहीत, त्यांच्या जागी कोण आहे, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर कुणाकडे, कसं.

बाब मुलांच्या सुरक्षिततेची असेल तर पालकांच्या पत्राआधी पोलीस येतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे, त्यात संस्थेने आपली समिती नेमून वाट बघण्याची सोय नाही. पालकांना लिहिताना वर्ग, तुकडी, तारीख, स्पर्धेचं किंवा सहलीचं नाव असं काहीही लिहू नका ज्यावरून मूल ओळखता येईल. दोनशे पालकांतले दोघेतिघे तेवढ्यावरून ओळखतात. आणि त्याच पत्रात समुपदेशक कधी भेटतील ती वेळ द्या.

मुख्याध्यापकांचं अचानक निधन झालं तर यातलं काहीच तयार नसतं. त्या दिवशी फक्त तीन वाक्यं पाठवा: काय झालं, शाळा उद्या आहे की नाही, मुलांना उद्या वर्गात कसं सांगणार. लाउडस्पीकरवरून सांगू नका. बाकी सगळं चार दिवसांनी.

मधला काळ

जाण्याची बातमी सांगून झाली आणि नवीन व्यक्ती अजून आलेली नाही, त्या आठवड्यांत संस्था बहुतेक मूक होते, कारण ‘सांगण्यासारखं काही नाही’. मला वाटतं सगळ्यात जास्त लिहायची गरज तेव्हाच असते. पंधरा दिवसांनी एक पत्र, चार-पाच ओळींचं. अर्ज किती आले, मुलाखती कधी, सहामाहीचे निकाल कधी मिळतील. काही घडलं नसेल तर ‘या पंधरवड्यात काही ठरलं नाही, पुढचं पत्र अमुक तारखेला’ असं लिहा. आमच्या १५ ऑक्टोबरच्या पत्रात नेमकं हेच होतं. कार्यकारिणीतल्या काहींना ते लिहायला लाज वाटत होती. त्या दिवशी संध्याकाळी एका पालकांचा निरोप आला: “तारखेला आलं, बरं वाटलं.”

नेमणुकीबद्दल लिहिताना तोंडाला येईल ते वचन देऊ नका. ‘देशभरातून उत्तम व्यक्ती शोधत आहोत’ असं वाक्य इंटरनेटवरून उचलून घालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. १९८१ च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो की मुख्याध्यापकाचं पद संस्थेच्या शाळांमधल्या सर्वांत ज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला द्यायचं. अल्पसंख्याक संस्थांना यात वेगळी मोकळीक आहे. तुमच्या शाळेला काय लागू होतं ते आधी तज्ज्ञाकडून नक्की करा, मग पालकांना लिहा. ज्येष्ठतेनेच नेमणूक होणार असेल तर ती गोष्ट अभिमानाने सांगा: ज्यांनी तुमच्या थोरल्याला गणित शिकवलं त्याच बाई आता मुख्याध्यापिका होत आहेत. पालकांना यापेक्षा दिलासा देणारं वाक्य सापडणं कठीण.

आणि ज्येष्ठ शिक्षिकेने पद नाकारलं असेल, तर ते तिच्याकडून लेखी घ्या आणि पालकांत त्याची वाच्यता करू नका.

पालक सभा

सभा घ्यायचीच. रविवारी सकाळी दहाला घेतली तर नोकरदार आई-वडील दोघंही येतात. कारखान्याच्या पाळ्या असलेल्या भागात दोन वेळा घ्या. हजारभर पालकांची एकच सभा घेऊ नका. पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशा तीन केल्या तर लोक बोलतात.

व्यासपीठावर तीनच खुर्च्या: कार्यवाह, तात्पुरत्या मुख्याध्यापिका, पालक-शिक्षक समितीचे उपाध्यक्ष. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, ओळख आणि स्वागतगीत यांना या सभेत जागा नाही. पालक वेळ काढून आलेत. दहा मिनिटांत जे ठाऊक आहे ते सांगा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. दारातच कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवा, कारण सगळ्यांना माईकवर बोलता येत नाही. आमच्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांच्या अक्षरातल्या होत्या, आणि त्या सभेत हात वर करणारे बहुतेक पुरुष होते.

उपाध्यक्षांनी चिठ्ठ्या वाचाव्यात, एकही न गाळता, कितीही टोचणारी असली तरी. एखाद्या शिक्षकाचं नाव घेऊन तक्रार असेल तर फक्त नाव वगळून वाचावी आणि ती चिठ्ठी स्वतंत्र बाजूला ठेवावी. उत्तर माहीत नसेल तर “हे मला आत्ता माहीत नाही, गुरुवारपर्यंत लिहून कळवते” असं म्हणा आणि ते लिहून घ्या, सगळ्यांसमोर. दोन दिवसांत सर्व प्रश्नोत्तरं टाइप करून सगळ्या पालकांना पाठवा, न आलेल्यांनाही.

कुणी रागावून उठलं तर त्यांना बसवायची घाई करू नका. बोलू द्या. एका बाबांनी आमच्यावर दहा मिनिटं आवाज चढवला. सभा संपल्यावर खाली आल्यावर कळलं, त्यांच्या मुलाने आधीची शाळा याच कारणाने बदलली होती. तिथे दोन वर्षांत तीन मुख्याध्यापक झाले होते.

निरोप आणि स्वागत

निरोप समारंभ नीट करा, पालकांना बोलावून. बाई कशा गेल्या हे पालक त्या दिवशी डोळ्यांनी बघतात आणि कुजबुज तिथेच थांबते. बाईंचा नंबर नवीन व्यक्तीला द्यायला त्यांची हरकत नसेल तर पहिला महिनाभर दोघींनी आठवड्यातून एकदा बोलावं. पालकांनी मात्र जुन्या बाईंना शाळेच्या कामासाठी फोन करू नये, हे बाईंनीच निरोपाच्या भाषणात हसून सांगितलं तर कुणाला लागत नाही.

नवीन मुख्याध्यापकांची ओळख करून देणारं पत्र संस्थेने पाठवावं आणि त्यात पदव्यांपेक्षा त्यांनी कोणत्या इयत्तांना, काय, किती वर्षं शिकवलं ते असावं. पहिले दोन आठवडे त्यांनी सकाळी शाळा भरताना गेटवर उभं राहावं. कार्यालयात बसून दहा पत्रं लिहिण्यापेक्षा ते वीस मिनिटं जास्त काम करतात. त्या उभ्या असताना विश्वस्तांनी शेजारी उभं राहू नये. पालकांना कळलं पाहिजे की शाळा कोण चालवतं.

गणवेश, शाळेची वेळ, डबा, व्हॅनचा मार्ग आणि वह्या-पुस्तकांचं दुकान यांत पहिल्या सत्रात हात घालू नका. नव्या माणसाला चांगल्या कल्पना असतात, त्या वहीत लिहून ठेवायला सांगा.

बदल संस्थेतच असेल तर

अध्यक्ष किंवा विश्वस्त बदलले तर पालकांना एक साधं पत्र पुरतं, कारण रोजची शाळा त्याने हलत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदलाचा अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो दिला आहे एवढं त्यात लिहा. वाद असेल, दोन गट असतील, तर कोणत्याही गटाने मुलांच्या डायरीतून पत्र पाठवता कामा नये. हे मी कळवळून लिहिते. आठवीतल्या मुलाच्या दप्तरात एका गटाचं पत्र आणि त्याच्या बाकावरच्या मित्राच्या दप्तरात दुसऱ्या गटाचं, असं मी पाहिलं आहे. त्या दोघांनी मधल्या सुट्टीत ती शेजारी ठेवून वाचली. अशा वेळी पालकांशी फक्त मुख्याध्यापकांनी बोलावं आणि फक्त शाळेबद्दल: शाळा भरेल, पगार होतील, परीक्षा वेळेवर होईल.

शेवटचं काम

नवीन व्यक्ती रुजू होऊन तीन महिने झाले की कार्यवाहांनी एक फाईल लावायची. पाठवलेली सगळी पत्रं तारखेनिशी, प्रश्नांची वही, सभेतल्या मूळ चिठ्ठ्या, शिक्षणाधिकारी कार्यालयाचा पत्रव्यवहार, आणि वर एका पानावर काय चुकलं ते. माझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर ते पहिलं, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाचं पत्र आहे. त्यातल्या त्या एका इंग्रजी वाक्याखाली मी लाल रेघ ओढून ठेवली आहे आणि समासात त्या मुलीने केलेला अर्थ लिहिला आहे.